अडलेले काम, खचलेले मन

नाशिकहून सावळघाटाने पेठला जाणारा रस्ता पुढे गुजरातेत धरमपूरकडे उतरतो. अंतर जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरचे आहे, पण सरकारी नोकरीच्या नकाशावर पेठ फार लांब पडते. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार नाशिक जिल्ह्यातले पेठ, सुरगाणा आणि कळवण हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. पेठ तालुक्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत, मुख्यतः कोकणा, महादेव कोळी आणि वारली. भात, नागली आणि वरई ही इथली पिके. ती निघाली की कुटुंबेच्या कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. पावसाळ्यात डोंगर धो-धो भिजतो आणि एप्रिल-मेमध्ये त्याच डोंगरावरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठी उतरतात. अशा तालुक्यात ‘शासन’ म्हणजे मोजकी माणसे: द्विशिक्षकी शाळेतले दोन गुरुजी, उपकेंद्रातली आरोग्यसेविका, आशाताई, अंगणवाडी सेविका, दोन-तीन ग्रामपंचायती सांभाळणारा ग्रामपंचायत अधिकारी आणि संध्याकाळी गावात मुक्कामी येणाऱ्या एस.टी.चे चालक-वाहक. शहरात एका दवाखान्यात मन लावून काम होत नसेल तर माणूस दुसऱ्या दवाखान्यात जातो. इथे दुसरा दवाखाना घाटापलीकडे असतो. म्हणून कर्मचाऱ्यांचे मनोबल हा पेठसारख्या ठिकाणी कार्यालयाच्या चार भिंतींतला विषय राहत नाही. बाळंतीण वेळेवर रुग्णालयात पोचली की नाही, चौथीतल्या मुलीला वाचता येते की नाही, हे थेट त्यावर ठरते. पुढच्या पानांतले विवेचन अशा तालुक्यात कार्यालय, शाळा, आरोग्य केंद्र किंवा आगार चालवणाऱ्यांसाठी आहे आणि त्यामागचा विचार या प्रस्तावनेत नीट मांडून ठेवणे आवश्यक आहे.

‘पेठला टाकले’ हा शब्दप्रयोग नाशिकच्या कुठल्याही सरकारी कचेरीत सहज ऐकू येतो. बदली होते ती नाशिकला किंवा सिन्नरला. पेठला माणूस ‘टाकला’ जातो. शासनाच्या व्यवस्थेनेही नकळत हीच समजूत पक्की केली आहे. आदिवासी क्षेत्रात काम करणाऱ्यांना २००२ च्या शासन निर्णयानुसार एकस्तर वेतनश्रेणी मिळते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी २०१७ च्या बदली धोरणाने सोपे आणि अवघड अशी क्षेत्रे ठरवली आणि अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढणाऱ्याला बदलीचा अधिकार दिला. या तरतुदी न्याय्य आहेत. त्या काढून घ्याव्यात असे कोणी म्हणू नये. मात्र त्यांतून कर्मचाऱ्याला एकच संदेश जातो, की इथले दिवस भरून काढायचे आहेत. दिवस मोजणारा माणूस वाईट नसतो, आळशीही नसतो. त्याने आपले मन आधीच पुढच्या ठिकाणी पाठवलेले असते, एवढेच. दुसऱ्या बाजूला इथलेच रहिवासी असलेले कर्मचारी आहेत: आशा, अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आता बऱ्याच संख्येने शिक्षक व आरोग्य कर्मचारीही. त्यांच्यासाठी पेठ दुर्गम नाही. ते त्यांचे घर आहे. त्यांना बदलीची आशा नाही आणि धाकही नाही. बाहेरून आलेला खचतो तो ‘इथे का आलो’ या प्रश्नाने, आणि इथला खचतो तो ‘इतकी वर्षे करूनही काहीच हलत नाही’ या अनुभवाने. दोघांना एकाच बैठकीत एकच प्रेरणादायी भाषण ऐकवणारा वरिष्ठ दोघांनाही गमावतो.

मनोबल वाढवायचे म्हटले की आपल्याकडे ठरावीक मार्ग आठवतात. आदर्श कर्मचारी पुरस्कार, ताणमुक्तीवरचे व्याख्यान, सहल, वाढदिवसाचा केक, किंवा याच्या अगदी उलट, कडक हजेरी आणि कारणे दाखवा नोटीस. दोन्ही वाटा एकाच गृहीतावर उभ्या आहेत. मनोबल ही कर्मचाऱ्याच्या आतली गोष्ट आहे, ती आधी दुरुस्त करायची आणि मग काम आपोआप सुधारेल, हे ते गृहीत. या विवेचनाचे म्हणणे नेमके उलटे आहे. उमेद कामाच्या आधी येत नाही. अडलेले काम पुढे सरकले की येते. माणसाला आज जे करायचे होते ते करता आले आणि त्याने कुणाचे काही भले झाले हे त्याला दिसले, की दुसऱ्या दिवशी तो थोड्या अधिक मनाने येतो. म्हणून खचलेल्या कार्यालयाच्या प्रमुखाने कर्मचाऱ्यांच्या मनाकडे वळण्याआधी त्यांच्या वाटेकडे पाहावे: कुठे अडते, कशाने अडते, आणि त्यातला कुठला दगड आपल्या हाताने उचलता येतो. तो उचलून दाखवणे आणि अमुक तारखेला उचलीन असे सांगून त्याच तारखेला उचलणे, यापलीकडे मनोबल उभारण्याची खात्रीची दुसरी रीत दिसत नाही.

याला आधार आहे. हार्वर्डच्या टेरेसा अमाबिले आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन क्रेमर यांनी सात कंपन्यांतल्या २३८ कर्मचाऱ्यांना रोज कामाची छोटी नोंद लिहायला सांगितली. सुमारे १२,००० नोंदी जमल्या आणि २०११ मध्ये त्यांचे निष्कर्ष पुस्तकरूपाने आले. ज्या दिवशी माणसे उत्साही होती त्या दिवसांत सर्वांत अधिक वेळा आढळलेली गोष्ट कौतुक नव्हती, बक्षीसही नव्हते. महत्त्वाच्या कामात थोडीशी प्रगती झाली होती, मग ती कितीही लहान असो. आणि ज्या दिवशी मन खचले त्या दिवशी बहुधा काम मागे पडले होते. याहून बोलका भाग पुढचा आहे. त्यांनी ६६९ व्यवस्थापकांना विचारले, कर्मचाऱ्याला उमेद कशाने मिळते? दिलेल्या पाच कारणांत कामातल्या प्रगतीला त्यांनी शेवटचा क्रमांक दिला. म्हणजे ज्यांच्या हातात उपाय आहे त्यांनाच तो उपाय वाटत नाही. हा अभ्यास परदेशी कंपन्यांतल्या बुद्धिजीवी कामाचा आहे आणि पेठच्या उपकेंद्राला तो जसाच्या तसा लावता येणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून आपल्या देशातला, सरकारी नोकरीतला पुरावा पाहायला हवा.

मायकेल क्रेमर, कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये देशभरातल्या ३,७०० सरकारी शाळांना न सांगता भेटी दिल्या. सरासरी २५ टक्के शिक्षक गैरहजर सापडले. मोठ्या राज्यांत महाराष्ट्राचे प्रमाण सर्वांत कमी, १४.६ टक्के, आणि झारखंडचे सर्वांत जास्त, ४१.९ टक्के. कारणे तपासताना असे दिसले, की अधिक पगार घेणारे, अधिक शिकलेले किंवा मुख्याध्यापक असलेले शिक्षक अधिक हजर राहतात असे नाही. हजेरी अधिक होती ती जिथे शाळेची इमारत आणि सोयी बऱ्या होत्या, जिथे पक्का रस्ता जवळ होता आणि जिथे नुकतीच कुणी तपासणीला भेट दिली होती. हा परस्परसंबंध आहे, कार्यकारणाचा अंतिम पुरावा नव्हे. पण पक्की भिंत, पक्का रस्ता आणि वरून कुणी तरी येऊन पाहणे या तिन्हींचा रोख एकच आहे: शिक्षकाला हे काम कुणाला तरी महत्त्वाचे वाटते याची खूण मिळते आणि शिकवणे शक्य होते. नुसती पाळत ठेवून हे साधते का, याचे उत्तर उदयपूर जिल्ह्यात मिळाले. ‘सेवा मंदिर’ या संस्थेने शासनाबरोबर परिचारिकांच्या हजेरीसाठी वेळ नोंदवणारी यंत्रे बसवली आणि गैरहजर राहिल्यास पगार कापायचे ठरले. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि रॅचेल ग्लेनर्स्टर यांनी २००८ मध्ये त्याचा निकाल मांडला. पहिले काही महिने हजेरी खूप सुधारली. सोळा महिन्यांनी परिणाम पार पुसला गेला. यंत्रे बिघडली हे एक कारण, पण मोठे कारण असे, की आरोग्य खात्यानेच ‘सूट दिलेले दिवस’ वाढवत नेले. वरच्यांनी धाक लावला आणि वरच्यांनीच तो मोडला. यंत्राने परिचारिकेच्या वाटेतला एकही दगड हलवला नव्हता.

याच्या शेजारी गडचिरोली ठेवून पाहावी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच, फार न शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळांची घरोघरी काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांपेक्षा तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. जगभर चर्चा झाली ती औषधांची आणि पद्धतीची. व्यवस्थापन करणाऱ्याने मात्र दुसरी बाजू वाचावी. या स्त्रियांना काय करायचे ते नेमके माहीत होते, त्यासाठी लागणारे साहित्य पिशवीत होते, पर्यवेक्षक ठरावीक अंतराने गावात येऊन त्यांच्या नोंदी पाहत आणि पुढचे शिकवत, आणि जे बाळ त्यांच्या हातून जगले ते त्यांच्याच गल्लीत रांगत होते. तपासणी इथेही होती आणि ती कसून होती. फरक इतकाच, की तपासणारा चूक शोधायला येई त्याबरोबरच काम सोपे करायलाही येई. पुढे २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून देशभर आशा नेमल्या गेल्या, त्यांच्या प्रशिक्षणात गडचिरोलीची पद्धत उतरली. पण वेळेवर येणारी, शिकवणारी देखरेख मात्र त्या प्रमाणात उतरली नाही. पेठच्या डोंगरातल्या आशाताईच्या खांद्यावरची पिशवी आणि गडचिरोलीतल्या त्या पहिल्या स्त्रियांची पिशवी सारखीच असेल. पिशवीमागे उभी असलेली व्यवस्था सारखी नाही.

महाराष्ट्राच्या कचेऱ्यांना मात्र फार दूर जायची गरज नाही. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीत जे केले ते ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गेले. त्याची आठवण आज बहुधा ‘फायली नीट लावणे’ एवढीच उरली आहे आणि हे मोठे नुकसान आहे. त्या कचेरीत धुळीने भरलेले गठ्ठे, कोण काय करतो याचा पत्ता नाही, अभ्यागत टेबलाटेबलावर हिंडतो आणि कारकून रोज तेच ऐकून घेतो, असे चित्र होते. लखिनांनी अभिलेखांची वर्गवारी करून अनावश्यक कागद काढायला लावले, जागेची आणि टेबलांची मांडणी कामाच्या ओघाप्रमाणे बदलली, प्रत्येकाच्या कामाची यादी आणि कार्यपद्धती लिहून काढली, आणि हे सारे कर्मचाऱ्यांच्याच हातून करून घेतले. यात भाषण देऊन मनोबल वाढवण्याचा कुठेही प्रयत्न नव्हता. पण हवा असलेला कागद दोन मिनिटांत सापडू लागला, की कारकुनाची मान वर होते. त्याला अभ्यागतासमोर खोटे बोलावे लागत नाही, साहेबासमोर घाबरावे लागत नाही. २०१७ मध्ये पुणे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी राबवलेली ‘झिरो पेंडन्सी’ मोहीम याच जातकुळीची होती. दोन्ही उपक्रमांवर एक टीका होते, की ते त्या त्या अधिकाऱ्याच्या उत्साहावर टिकले आणि बदलीनंतर अनेक ठिकाणी ओसरले. टीका खरी आहे. तिचा विचार शेवटी करायचा आहे, कारण पेठसारख्या ठिकाणी तोच प्रश्न सर्वांत नाजूक आहे.

आता पेठच्या कार्यालयांत दगड कुठले आहेत ते पाहू. पहिला आहे माणसाच्या हक्काचे अडकलेले कागद: प्रवास भत्त्याची देयके, वैद्यकीय प्रतिपूर्ती, सेवापुस्तकातल्या राहिलेल्या नोंदी, वेतननिश्चिती, भविष्य निर्वाह निधीतली उचल. यांतल्या बऱ्याच गोष्टी तालुक्याच्याच टेबलांवर पडून असतात आणि पैसे नाहीत म्हणून नव्हे, तर कुणी पाठपुरावा करत नाही म्हणून पडून असतात. आजारी आईच्या उपचाराचा खर्च वर्षभर न मिळालेल्या आरोग्यसेवकाला समर्पणाविषयी सांगणे क्रूर आहे. दुसरा दगड म्हणजे माहिती. तीच पटसंख्या, तेच लसीकरण, तीच घरकुलांची यादी आठवड्यातून तीनदा वेगवेगळ्या नमुन्यात मागवली जाते, बहुधा व्हॉट्सअॅपच्या गटावर, ‘तात्काळ’ असा शेरा मारून. जिथे मोबाईलला रेंज मिळवायला टेकाडावर चढावे लागते तिथे एका संदेशाची किंमत अर्धा दिवस असते. द्विशिक्षकी शाळेतला एक गुरुजी माहिती भरायला गेला, की दुसऱ्याच्या समोर चार इयत्ता एकत्र बसतात. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत केले ते याच कारणाने. फोन निकृष्ट होते आणि ‘पोषण ट्रॅकर’ अॅप मराठीत नव्हते. बाळांची वजने करायची होती ती राहिली आणि फोनशी झुंज सुरू झाली. हे आंदोलन कामचुकारपणाचे म्हणून ज्यांनी पाहिले त्यांनी साधन आणि काम यांतला संबंधच ओळखला नाही.

तिसरा दगड आढावा बैठक. महिन्याची बैठक आवश्यक आहे, यात शंका नाही. पण तिचा साचा असा झाला आहे, की ज्याचा आकडा कमी त्याला सर्वांसमोर उभे करायचे, ज्याचा जास्त त्याच्याकडे पाहायचेही नाही. परिणाम दोन होतात. लोक आकडे ‘जुळवायला’ शिकतात आणि अडचण सांगायचे बंद होतात, कारण अडचण सांगणे म्हणजे सबब सांगणे असे ठरलेले असते. ज्या बैठकीत अडचण सांगता येत नाही त्या बैठकीतून वरिष्ठाला उपयोगाचे काहीच कळत नाही, म्हणजे त्याने स्वतःचेच डोळे बांधून घेतलेले असतात. आकड्यांआधी अर्धा तास अडचणींसाठी ठेवणे, प्रत्येक अडचणीपुढे कोण, कधीपर्यंत हे लिहिणे आणि पुढची बैठक त्या कागदापासून सुरू करणे, हा बदल तालुक्यातल्या कुठल्याही प्रमुखाला कुणाची परवानगी न घेता करता येतो. तोच कागद त्याच्याविरुद्धचा पुरावाही ठरेल, हे खरे; पण कर्मचाऱ्याला रोज आकड्याने मोजणाऱ्याने स्वतःही तारखेने मोजले जायला तयार असावे.

चौथ्या दगडासाठी एस.टी.च्या आगाराकडे वळावे लागते, कारण अलीकडच्या काळात महाराष्ट्रातल्या कुठल्याही सार्वजनिक सेवेचे मनोबल इतके मोडले नसेल. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत संप चालला. शासनात विलीनीकरणाची मागणी फेटाळली गेली, हजारो कर्मचारी निलंबित, बडतर्फ झाले, काहींनी जीव दिले. शेवटी उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू व्हायला सांगितले. माणसे परतली ती हरून परतली. संपात उतरलेले आणि मधल्या काळात कामावर आलेले एकाच विश्रांतीगृहात शेजारी झोपू लागले. लगेच ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ मध्ये महिलांना निम्मे तिकीट आले आणि गाड्या ओसंडून भरल्या. पेठच्या आगारातून डोंगरातल्या गावांत जाणारी मुक्कामी गाडी ही त्या गावांची जीवनवाहिनी आहे: पहाटे तीच शाळेची, तीच दवाखान्याची, तीच बाजाराची. चालक-वाहकाने रात्र कुठे काढावी, पाणी कुठून घ्यावे, शौचाला कुठे जावे, हे प्रश्न विलीनीकरणाएवढे मोठे नाहीत आणि मुंबईत सुटणारेही नाहीत. ते आगारप्रमुख, ग्रामपंचायत आणि शाळेचा व्हरांडा यांच्यात सुटतात. ड्युटी लावण्यातला पक्षपात तर पूर्णपणे आगारातच सुटतो. अवघड घाटाची, मुक्कामाची ड्युटी कुणाला किती वेळा लागली याचा तक्ता भिंतीवर लावला, तर संपात कोण कुठल्या बाजूला होता याची कुजबुज थांबायला मदत होते, कारण निवाडा आता उघड्यावर आलेला असतो. मोठ्या लढाईत हरलेल्या माणसाला छोट्या न्यायाची भूक जास्त असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: तालुक्याच्या अधिकाऱ्याच्या हातात आहे काय? रिक्त पदे, वेतन, बदल्या सगळे वरचे. पेसा कायद्याखालच्या अनुसूचित क्षेत्रातल्या १७ संवर्गांची भरती न्यायालयीन प्रकरणामुळे रखडली आणि २०२४ मध्ये उमेदवारांना मानधनावर घ्यायची वेळ आली. यात पेठचा गटविकास अधिकारी काय करणार? काहीच नाही. आक्षेपाचा हा भाग निर्विवाद मान्य करायला हवा आणि तो कर्मचाऱ्यांसमोरही मोकळेपणाने बोलायला हवा. ‘भरती लवकरच होईल’ असे न पाळता येणारे आश्वासन देण्यापेक्षा ‘यावर्षी पद भरले जाईल असे मला दिसत नाही, म्हणून तुमच्या दोन कामांपैकी एक मी काढून घेतो’ हे वाक्य अधिक बळ देते. अतिरिक्त कार्यभार सांभाळणाऱ्याला सगळेच पूर्ण करायला सांगणे म्हणजे रोज अपयशाची खात्री देणे होय. कुठले काम आधी, कुठले नंतर आणि कुठले सध्या नाही, हे ठरवून त्याची जबाबदारी स्वतःच्या सहीने घेणे हा अधिकार तालुक्याच्या पातळीवर नक्की आहे. तो वापरायला धैर्य लागते, निधी लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक तीव्र आहे आणि तो पेठच्या माणसाकडून येतो. कायम नोकरी, सातवा वेतन आयोग, शिवाय एकस्तर. आणि त्यांच्या मनोबलाची काळजी कुणी करावी? द्राक्षबागेत छाटणीला जाणाऱ्या बाईच्या मनोबलाचे काय? शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत, घरभाडे घेतात आणि रोज नाशिकहून ये-जा करतात, हा वाद विधिमंडळापर्यंत गेला तो उगाच नाही. या संतापाचा अनादर करून मनोबलावर लिहिणे अप्रामाणिक ठरेल. म्हणून स्पष्ट म्हटले पाहिजे: जाणूनबुजून काम टाळणाऱ्यावर कारवाई न होणे हे कार्यालयाचे मनोबल मोडण्याचे सर्वांत मोठे कारण असते, कारण ती शिक्षा कामसू माणसाला होते. टाळणाऱ्याचे काम त्याच्याच टेबलावर येते. पण ‘काम करत नाही’ आणि ‘काम करू दिले जात नाही’ यांतला फरक शोधायचा तर आधी वाट मोकळी करावी लागते. वाट मोकळी केल्यावरही जो चालत नाही तो मग सर्वांना दिसतो, आणि त्याच्यावरच्या कारवाईला सहकाऱ्यांचाही आधार मिळतो. उलटा क्रम लावला तर उदयपूर होते. आणि छाटणीला जाणाऱ्या त्या बाईच्या मुलाला शाळेत टिकवणारा, तिच्या गरोदरपणाची नोंद ठेवणारा हाच कर्मचारी आहे. त्याची उमेद ही तिचीही गरज आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. मनोबलाची भाषा ही कमी पैशांत जास्त राबवून घेण्याची भाषा आहे, असे कामगार संघटना म्हणतात. आशांना अजूनही कर्मचारी मानले जात नाही. त्यांना कामागणिक मोबदला मिळतो आणि तोही उशिरा. अंगणवाडी सेविकांनी ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस संप केला. आश्रमशाळांतल्या रोजंदारी शिक्षक-कर्मचाऱ्यांनी बाह्यस्रोत भरतीविरुद्ध २०२५ च्या पावसाळ्यात नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडले. ज्याला उद्या नोकरी असेल की नाही ठाऊक नाही, त्याला ‘सकारात्मक राहा’ म्हणणे अन्यायच आहे. व्यवस्थापनशास्त्रातही हे जुने ज्ञान आहे: फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच दाखवले, की पगार आणि नोकरीची सुरक्षा यांनी माणूस उत्साही होतोच असे नाही, पण त्यांच्या अभावाने तो नक्की असमाधानी होतो. तेव्हा वाटेतला दगड उचलणे हा रास्त वेतनाचा पर्याय होऊ शकत नाही. तालुक्याच्या अधिकाऱ्याने करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. मोबदल्याचे जे देयक त्याच्या टेबलावरून जाते ते त्याच्या टेबलावर एक दिवसही थांबू नये. आणि वर पाठवायच्या अहवालात त्याने सत्य लिहावे. ‘काम समाधानकारक’ अशी ओळ लिहून जो अधिकारी आशाताईंची सहा महिन्यांची थकबाकी झाकतो, तो त्यांच्या विरुद्ध उभा आहे, मग बैठकीत त्यांना कितीही ‘ताई’ म्हणो. संपात उतरलेल्या सेविकेशी संप संपल्यावर सूडाने न वागणे हेही त्याच्याच हातात असते, आणि मनोबल पुन्हा उभे राहायचे की नाही हे बहुतेक वेळा त्या पहिल्या आठवड्यात ठरते.

राहिला प्रश्न टिकण्याचा. २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा ठरवला असला, तरी दुर्गम तालुक्यात अधिकारी त्याआधीच जातो किंवा पद ‘प्रभारी’वर चालते. पेठच्या कर्मचाऱ्याने अनेक साहेब पाहिलेले असतात आणि प्रत्येकाने पहिल्या बैठकीत काही तरी नवे जाहीर केलेले असते. नव्या अधिकाऱ्याला भेटणारा थंडपणा हा त्याच्याविषयी नसून त्याच्या आधीच्या सगळ्यांविषयी असतो. म्हणून रुजू झाल्यावर नवी योजना जाहीर करण्याआधी जुनी अर्धवट राहिलेली वचने शोधून त्यांतली दोन पुरी करणे अधिक शहाणपणाचे. अडचण अशी, की ती वचने कुठेच लिहिलेली नसतात. अधिकारी जाताना कार्यभार सोपवतो त्या कागदावर रोकड, किल्ल्या, वाहन, संगणक, खुर्च्या यांची नोंद असते. ‘अमुक आरोग्यसेविकेचे प्रतिपूर्तीचे देयक जुलैअखेर काढून देतो असे सांगितले आहे’, ‘पावसाळ्यात नदीपलीकडच्या शाळेतल्या शिक्षकांना मंगळवारच्या बैठकीतून सूट दिली आहे’, ‘मुक्कामी ड्युटीचा तक्ता महिन्याच्या एक तारखेला लावतो’ अशी नोंद नसते. ती असावी. कार्यभाराच्या नमुन्याला एक पान जोडायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. जाणारा अधिकारी ते स्वतःहून जोडू शकतो आणि येणारा ते मागून घेऊ शकतो. पुढच्या पहिल्याच प्रकरणात अशा पानाचा नमुना दिला आहे, आणि वाचकाने बाकीची प्रकरणे वाचण्याआधी आपल्या कार्यालयापुरता तो भरून पाहावा.